दौलू गवळ्याच्या गाडीचे सीसी

तारीनं दुधाचं कॅन माझ्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत दूध नव्हतं. फडक्यात गुंडाळलेला मोटरसायकलच्या इंजिनाचा ब्लॉक होता आणि त्याच्या पोटात पिस्टन अडकून बसला होता.

"आप्पा कुठायत?" तिनं विचारलं.

"हे काय, तुझ्या डाव्या अंगाला."

आप्पा म्हणजे माझे वडील. दारातल्या स्टुलावर बोअर गेजची लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. इंजिनांचे सिलिंडर आतून कापून देणाऱ्या उद्यमनगरातल्या सगळ्या बोअरिंगवाल्यांत आप्पांचा हात नावाजलेला. तो हात तीन वर्षांपासून कापत होता, ही गोष्ट मात्र दुकानाबाहेर गेलेली नव्हती. गिऱ्हाईक आप्पांना काम सांगायचं, आप्पा मान हलवायचे, गिऱ्हाईक गेलं की मी मशीन सुरू करायची. मी दहावीनंतर शाळा सोडलेली, लग्न करून गेलेली आणि परत आलेली. त्या लग्नाची गोष्ट इथं नको, लांबेल. मशीनची गोष्ट एवढीच की मला कुणी शिकवलं नाही. मी बघत होते, आणि मी बघतेय हे आप्पांना माहीत होतं. फक्त गेज त्यांनी सोडला नव्हता. सिलिंडर आतून किती गोल, किती झिजलेला, हे केसाच्या हिशेबात सांगणारं ते घड्याळ. दर वेळी मला ते मागून घ्यावं लागायचं आणि काम झालं की परत मांडीवर ठेवावं लागायचं.

"आप्पा, तुमच्याच हातचं काम पाहिजे," तारी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला देऊ नका."

आप्पांनी उजवा हात मांडीखाली दाबला. "माझ्याच हातचं होईल," ते म्हणाले.

मी मशीनकडे बघितलं. मशीन काही बोललं नाही.

तारी गवळ गल्लीतली, दौलू गवळ्याची एकुलती एक. विशी-बाविशीची, दंड पैलवानासारखे, आवाज त्याहून. दौलू गवळ्याला वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून गाडी गोठ्यात पडून होती. महिनाभरापूर्वी तारीनं ती हट्टानं सुरू केली आणि तेल न बघता दामटली. पिस्टन जाम.

"एवढी कसली घाई होती ग?" मी विचारलं.

"पाडवा तोंडावर आलाय, अक्का. कस्तुरी पळाली न्हाई तर गोठा भैरूकाकाचा."

कोल्हापूरबाहेरच्यांना हे सांगायला लागेल. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी आपल्या म्हशी सजवून बाहेर काढतात. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांचे पट्टे घालतात. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पुढे दामटतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. दोरी नाही, काठी नाही. शेकडो माणसांत, दहा गाड्यांच्या गोंगाटात म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागं जाते. ज्याच्या मागं म्हैस पळाली, त्याची ती म्हैस. यावर गवळ गल्लीत कुणी वाद घालत नाही.

कस्तुरी ही दौलूची सगळ्यात जाणती म्हैस. ती जाईल तिकडे बाकीच्या सात. भैरू हा दौलूचा धाकटा भाऊ. त्याचं म्हणणं, पोरीच्या जातीला गोठा झेपत नाही, उद्या लग्न होऊन जाईल, म्हशी मी नेतो. तारीचं म्हणणं, मी कुठं जात न्हाई. शेवटी भाऊबंदांनी तोड काढली. दौलूच्याच गाडीवर तारी बसेल. कस्तुरी तिच्या मागं पळाली तर गोठा तारीचा. नाही पळाली तर पाडव्याच्या संध्याकाळी दावी सुटतील.

"काकानं स्वतःची गाडी घेऊन दोनदा प्रयत्न केला," तारी म्हणाली. "ढुंकून बघितलं न्हाई तिनं. तिला बापूंचीच गाडी लागती."

मी ब्लॉक शेगडीवर गरम करून पिस्टन ठोकून बाहेर काढला. पुसला. त्याच्या डोक्यावर आकडा होता, १००.

"शंभर सीसी," तारी लगेच म्हणाली. "बघा, लिवलंयच की."

"ते सीसी नव्हे. कंपनीच्या मापापेक्षा हा पिस्टन एक मिलिमीटरनं मोठा आहे, असं लिहिलंय ते. सिलिंडर झिजला की आतून थोडा कापून गोल करायचा आणि थोडा मोठा पिस्टन घालायचा. पाव, अर्धा, पाऊण, एक. तुझ्या बापूंनी चारही वेळा केलंय. आता पुढं जागा नाही. नवं लायनर ठोकायचं, म्हणजे आतली नळीच नवी, आणि परत मूळ मापाला यायचं."

"म्हंजे गाडी बारीक होणार?"

"चार सीसीनं."

ती स्टूल ओढून बसली. "मला सीसी समजून सांगा आधी. डॉक्टर म्हशीला वीस सीसी टोचतो, त्योच सीसी?"

"तोच."

"मग गाडीत शंभर सीसी काय असतंय? पेट्रोल?"

"जागा."

तिनं आप्पांकडं बघितलं, ही बाई बरी आहे ना अशा नजरेनं. आप्पा मिशीत हसले.

मी तिचं इंजेक्शनच पकडलं. "सिरिंज आहे असं समज. दट्ट्या खालपासून वरपर्यंत ढकललास की जेवढं औषध बाहेर येतं तेवढे सीसी. सुईच्या तोंडाशी थोडं राहतं, ते धरत नाहीत. इंजिनाचं तसंच. पिस्टन पार खाली असताना वर जी जागा असते, तिच्यातली पिस्टन वर येताना जेवढी ढकलतो तेवढीच मोजायची. वरती स्फोटापुरती थोडी उरते ती हिशेबात नाही. आत किती मावतं ते सीसी नव्हे. पिस्टन किती हलवतो ते सीसी."

मग खडूनं टेबलावर मांडून दाखवलं. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर. तिचं निम्मं घ्यायचं, त्याला त्यानंच गुणायचं, मग तीन पॉइंट एक चारनं. झालं गोलाचं क्षेत्रफळ. त्याला पिस्टनच्या धावेनं गुणायचं. या गाडीची धाव साडेएकोणपन्नास मिलिमीटर. बोअर पन्नासचा धरला तर सत्त्याण्णव सीसी येतात. एकावन्नचा धरला तर एकशे एक.

"मग एकशे एकच ठेवा," तारी म्हणाली.

"नव्या लायनरला कुणी शेवटचं माप काढतं का?" आप्पा दारातून ओरडले. "पुढं झिजलं तर कापायचं कुठं?"

"पुढचं पुढं, आप्पा. बापूंच्या गाडीत जेवढं होतं तेवढंच पाहिजे. काकाच्या पोरांनी आताच उठवलंय, तारी दीडशेचा किट बसवून आणणार म्हणून."

"आवाज कसा होता ग गाडीचा?" मी विचारलं.

"लांबनंच कळायचा. फटफट तर सगळ्याच गाड्या करत्यात. हिच्यात मधीच एक टकटक असायची. म्हातारं माणूस घसा साफ करतंय तसं."

काम मी दोन दिवसांत केलं. लायनर ठोकलं, बोअर एकावन्नला काढला, जुन्याच मापाचा नवा पिस्टन आणला. शेवटचा हात मारायच्या आधी आप्पांकडून गेज मागून घेतला आणि मापं बघितली. मग आप्पांचं जेवण होऊन डोळा लागला तेव्हा आणखी एक हात मारला, माझ्या मनानं. तो कशाला, ते त्यांना सांगितलं नाही. परत मोजूनही दाखवलं नाही. पेटी त्यांच्या मांडीवर ठेवून दिली.

पाडव्याला दुपारी मी नदीकडच्या मैदानात गेले. आप्पा म्हणाले, "गर्दीत मी काय करू, तू बघून ये." हत्यारांची पिशवी मात्र बरोबर ने म्हणाले. बोअरिंगवाल्याची सवय.

तारी गल्लीतून गाडी वाजवत, मिरवत, चौकाचौकात थांबत आली. फेटा बांधला होता. दौलू गवळ्याला रिक्षातून आणून मैदानाच्या कडेला रिक्षातच बसवलं होतं, डावा हात बाहेरच्या दांडीवर. पलीकडे कस्तुरी उभी. काळीभोर, तेल लावून चमकणारी, शिंगं गुलाबी. राणीसारखा कंटाळा तोंडावर.

तारीनं गाडी तिच्या पुढ्यात आणली, वळवली आणि रेस केली. सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसल्या. "हुर्र कस्तुरी! चल!" म्हणून ती सुटली.

कस्तुरीनं कान हलवले. रवंथ केला. उभीच राहिली.

तारी मैदानाच्या टोकाला गेली, मागं बघितलं, परत आली. पुन्हा सुटली. पुन्हा तेच. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अग, तिला पत्ता सांग की जायचा!"

भैरूकाका पुढे आला. उंच, पांढरा फेटा, हातात आधीच दावं. "झालं न्हवं समाधान? म्हैस खोटं बोलत न्हाई. तारे, उतर खाली."

"आणखी एक बार," तारी म्हणाली.

"का म्हणून? ही दादाची गाडीच न्हवं. वरचा रंग दादाचा, पोटात दीडशेचा किट. म्हणून तर म्हैस वळखत न्हाई."

"शपथ घेतो काका, त्येच माप हाय!" चिडली की आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी तारीही घेतो-जातो बोलायची.

मी रिक्षाकडे बघितलं. दौलूचा डावा हात दांडीवर होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण एक बोट दांडीवर आपटत होतं. टक. टक. टक. आणि माझ्याकडे बघून मान नाही म्हणून हलत होती. मी गाडीपाशी गेले, इंजिनाच्या अंगावरच्या धातूच्या पंख्यांना बोट लावलं आणि चटका बसून काढलं.

गल्लीतले वडीलधारे कल्लाप्पा नाना तिथं होते. भाऊबंदांचा निवाडा त्यांच्याच तोंडून झालेला. मी त्यांना म्हटलं, "नाना, बोअर मी केलाय. दीडशे निघाले तर आत्ताच म्हशी न्या. पण दौलूबापूंचंच माप निघालं तर पोरीला आणखी एक फेरी द्यायची."

"तुम्ही केलाय?" भैरूकाका म्हणाला. "आप्पांनी न्हाई?"

"मी केलाय."

"मग बघायलाच नको!"

लोक पुन्हा हसले. मीही हसले. "मोजा तर खरं. तोवर दावं जरा खाली ठेवा, हात दुखेल तुमचा."

नाना विचारात पडले. "हितं मैदानात कसं मोजणार, बाई?"

"जनावराची मोठी सिरिंज आणा कुणाच्या तरी गोठ्यातनं. शंभर मिलीचं दुधाचं माप आणा. आणि आधी मला एक चहा."

सिरिंज यायला वेळ लागला. चहा यायला त्याहून. मी सावकाश प्यायले. तारी नखं खात माझ्याभोवती फिरत होती. "अक्का, लवकर की."

"घाईनं पिस्टन जाम होतो. एकदा केलास तेवढा पुरे."

मग प्लग काढला. टॅपेट सैल केले, म्हणजे दोन्ही झडपा मिटून राहतात. प्लगचं भोक सगळ्यात वर येईल अशी गाडी दोघा पैलवानांकडून कलती धरून घेतली आणि चाक फिरवून पिस्टन पार खाली आणला. पिशवीतल्या डब्यातलं तेल सिरिंजनं भरायला लागले. प्रत्येक सिरिंज नानांना दाखवायची, मग घालायची. हवा निघावी म्हणून थांबायचं. परत घालायचं. भोवती कडं जमलं. सिरिंजवरच्या रेघा तिथल्या प्रत्येकाला पाठ. सीसी म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही, फक्त कशाचे ते सांगावं लागलं.

भोकाच्या काठापर्यंत तेल आलं तेव्हा मी त्यात पिशवीतली रबरी नळी घट्ट बसवली. तिचं दुसरं टोक दुधाच्या मापात. "आता पिस्टन वर घेते. जेवढं तेल मापात येईल तेवढे गाडीचे सीसी. आत उरेल ते धरायचं नाही. दीडशे असतील तर हे माप भरून आणखी अर्धं भरेल. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले.

"काका?"

"फिरवा," भैरूकाका म्हणाला.

मी चाक बोटाबोटानं फिरवलं. तेल मापात उतरायला लागलं. अर्धं झालं, पाऊण झालं. तारीनं डोळे मिटले. तेल काठाला आलं, वर फुगलं, आणि चमचाभरही नाही एवढं बाहेर ओघळलं. पिस्टन वर टेकला. नळी थांबली.

"शंभर," नाना म्हणाले. "आणि वर थेंबभर."

"बघा! शंभरच्या वर हाय!" भैरूकाका म्हणाला.

मी पिशवीतून जुना पिस्टन काढून त्याच्या हातात दिला. "हा तुमच्या भावाचा. तुमच्यासमोर कितीदा तरी गाडी खोलली असेल त्यांनी. डोक्यावरचा आकडा वाचा. मापापेक्षा एक मिलिमीटरनं मोठा. तो थेंबभर त्याचाच."

त्यानं पिस्टन उलटासुलटा केला. ओळखला असावा. एका कडेला दौलूनं पानाची खूण कोरलेली होती, ती त्यानं अंगठ्यानं चोळली.

"पुन्हा एकदा मोजू," मी म्हटलं.

"कशाला?" नाना म्हणाले. "पटलं की."

"नको नाना, मागनं कुणी बोलायला नको."

पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. पुन्हा शंभर आणि वर थेंबभर. तारी दात-ओठ खात होती. दोघा पैलवानांचे हात भरून आले. मग उरलेलं तेल सिरिंजनं ओढून घेतलं, कोरडी किक मारून शिंतोडे उडवले, टॅपेट बसवले, ते परत तपासले, प्लग पुसला, पुसलेला प्लग पुन्हा पुसला. इंजिनाच्या पंख्यांवर तळहात ठेवला. नदीवरच्या वाऱ्यानं ते रांजणासारखे गार झाले होते.

"आता मार किक," मी तारीच्या कानात म्हटलं. "आणि रेस करू नकोस. नुसती वाजू दे."

तीन किका वाया गेल्या. चौथीला गाडी पेटली आणि निळ्या धुराचा लोट उठला. उरलंसुरलं तेल जळत होतं. तारी दिसेना, म्हैस दिसेना. लोक खोकायला लागले. कुणीतरी म्हणालं, "डास गेले बघा मैदानातले!"

धूर पातळ होत गेला. गाडी संथ फटफट करत होती आणि त्या फटफटीच्या आत, बारीक, मी कान लावून बसलेले म्हणून मला आधी ऐकू आली ती, टकटक. म्हातारं माणूस घसा साफ करतं तशी.

रिक्षाच्या दांडीवरचं बोट थांबलं.

कस्तुरीचा रवंथ थांबला. कान पुढे झाले. तिनं मान वर केली आणि असा हंबरडा फोडला की शेजारची म्हैस बुजली. तारीनं गिअर टाकला. पुढच्या क्षणी मला दिसली ती धुळीतली गुलाबी शिंगं आणि त्यांच्या पुढं सुटलेला एक फेटा. मैदानाच्या टोकाला जाऊन गाडी वळली, मागोमाग म्हैस वळली, आणि दोघी परत आल्या त्या थेट रिक्षापाशी. कस्तुरीनं नाकपुडी दौलूच्या मांडीवर टेकवली. तो रडत होता की हसत होता, अर्ध्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

भैरूकाकानं दावं गुंडाळलं. माझ्याजवळून जाताना थांबला. "आप्पांना सांगा, बोअर बेस झालाय."

"मी केलाय, काका."

"व्हय. त्येच म्हणालो," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारी खरोखरीचं दूध घेऊन दुकानात आली. गाडी दारात चालूच ठेवून आत आली. आप्पा स्टुलावर. त्यांनी डोळे मिटून मान कलती केली. हे ते करायचे तेव्हा दुकानात कुणी बोलायचं नाही.

"शकू," ते म्हणाले. "हिचा पिस्टन वाजतोय."

"हो."

"सैल सोडलायस."

"केसभर."

"चुकून?"

"मुद्दाम."

तारी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. मी सांगून टाकलं. माप दौलूचंच ठेवायचं होतं, ते ठेवलं. पण म्हैस काही सीसी मोजत नाही. तिला झिजलेल्या गाडीची टकटक ठाऊक, आणि नीट बसवलेला नवा पिस्टन टकटक करत नाही. म्हणून मी त्याला हलायला थोडी जागा ठेवली. चुकले एवढंच की ती फार थोडी ठेवली. तारी गावभर मिरवत आली, इंजिन तापलं, पिस्टन फुगून घट्ट बसला आणि आवाज गेला. दौलूच्या बोटानं ते मला कळलं.

"म्हंजे काल ते मोजणं, दोनदा..." तारी म्हणाली.

"मोजणं खरंच होतं. पण एकदा पुरलं असतं."

"आणि चहा?"

"चहा पण पुरला असता एकच घोट."

ती हसत सुटली. आप्पा हसले नाहीत. सैल बोअर म्हणजे या दुकानात शिवी होती. साऱ्या जन्मात त्यांनी एक सैल ब्लॉक दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिले. बाहेर गाडी हळूहळू तापत होती. टकटक बारीक होत होत विरून गेली आणि नुसती फटफट उरली.

"बघ, गेली," आप्पा म्हणाले.

"हो."

"ब्लॉक उतरव. नीट सैल कर, तापल्यावरही वाजला पाहिजे. पुढच्या पाडव्याला गाडी गार करायला तुला कोण सीसी मोजायला सांगणार आहे?"

आणि मांडीवरची पेटी त्यांनी उचलली, दोन्ही कापऱ्या हातांनी, आणि मी मागायच्या आधी माझ्यापुढं धरली. संध्याकाळी ती परत ठेवायला गेले तर मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं.